शेंगोळे शिजेस्तोवर

माघ सरत आला की आमच्या गावाला हळद शिजल्याचा वास सुटतो. ओल्या पाल्याचा, मातीचा, जरा गोड, जरा औषधी. हल्ली वाफेवर हळद शिजवायच्या टाक्या आल्यात, जुन्या चौकोनी कढया गोठ्यामागं गंजत पडल्यात, पण वासानं आपला स्वभाव सोडलेला नाही. काल दुपारी तो खिडकीतून आत आला आणि मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. या वयात वर्तमानपत्र खाली ठेवायला कारणच लागतं, हेही खरं.

तेवढ्यात नातीचा फोन आला. ती पुण्यात नोकरीला लागलीय. खोली घेतली, शेगडी घेतली, कुकर घेतला आणि आता बाईसाहेब पुस्तकांच्या दुकानात उभ्या.

"आजोबा, इथं स्वयंपाकाची पुस्तकं भिंतभर आहेत. नवशिक्यानं कोणतं घ्यावं?"

हा प्रश्न तिनं आजीला न विचारता मला विचारला, कारण या विषयातला जाणता माणूस आमच्या घरात मी आहे. आजीला स्वयंपाक येतो. पण पुस्तकावरून, पत्रावरून, भिंतीवरून आणि सरतेशेवटी नुसत्या कानावरून स्वयंपाक शिकलेला मी एकटाच.

"आधी सांग, जेवणार कोण हाय?" मी विचारलं.

"मीच. आणखी कोण?"

"मग घे की कोनतंही!"

ती चिडली. चिडू दे. मी गंमत केली होती, पण फोन ठेवल्यावर मला माझं ते साल आठवत राहिलं. त्या साली मला स्वतःच्या पोटाची पंचाईत नव्हतीच. जेवणारा माणूस दुसरा होता, आणि तो जेवत नव्हता.

अठ्ठेचाळीस साल. मी सतरा वर्षांचा. मराठवाड्यात कुरुंद्याच्या बाजूला आमचं गाव. निजामाचं राज्य शेवटाला आलं होतं आणि मुलखाची हवा बिघडली होती. आज या गावच्या लुटालुटीची बातमी, उद्या त्या गावच्या. म्हणून लोकांनी बायकापोरं पैनगंगेपल्याड वऱ्हाडात धाडायला सुरुवात केली. पल्याड हिंदुस्थानचं राज्य होतं. माझी माय माझ्या दोन धाकट्या बहिणींना घेऊन पुसदकडं मामाच्या गावी निघाली. वावरात हळद उभी, गोठ्यात बैल, म्हणून बापू, म्हणजे माझे वडील, आणि मी मागं राहिलो.

गाडी अंगणातून हलली तशी माय बोलायला लागली आणि वेशीपर्यंत थांबली नाही. मी गाडीच्या बाजूनं चालत होतो. "जवारी कणगीत हाय, दाळ मडक्यात हाय, मीठ चुलीमागच्या कोनाड्यात, त्याला पानी लागू देऊ नको. ताक रोज कर. पीठ चाळून घे, न्हाईतर सोंडकिडे खाशीन." मी "व्हय, व्हय" करत होतो आणि एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. वेशीपाशी तिनं बैल थांबवायला लावले, माझ्या दंडाला धरलं आणि हळू आवाजात म्हणाली, "बापूला जेवू घाल. ते मागायचे न्हाईत. तेवढं एक ध्यानात ठेव, बाकी सगळं इसरला तरी चालंल."

ते मात्र शिरलं.

बापू मागायचे नाहीत, हे खरंच होतं. ते काहीच बोलायचे नाहीत. बाप म्हणून कडक नव्हते, हात तर कधीच उगारला नाही. पण आमच्या दोघांत "बैल सोडले का", "सोडले", "पानी धरलं का", "धरलं", यापलीकडं बोलणं कधी गेलं नव्हतं. आता अख्ख्या घरात आम्ही दोघंच उरलो आणि मधे चूल.

पहिल्या दिवशी बापू चुलीकडं बघत म्हणाले, "तुला वाचता येतं ना? मास्तरकडं सैपाकाचं पुस्तक हाय म्हनं."

झालं. वाचता येतं म्हणून चूल माझ्या गळ्यात पडली.

गंमत अशी, की हे काही आमच्या एकट्याच्या घरी नव्हतं. निम्म्या गावाच्या बायका गेल्या होत्या. सकाळी घराघरांतून धूर निघायचा आणि सगळ्या गावाला करपल्याचा एकच वास यायचा. पारावर एरवी पिकापाण्याचं, बैलबारदान्याचं बोलणारी भल्या मिशांची माणसं आता "वरन खाली काहून लागून राहिलं असंल?" यावर गंभीरपणे चर्चा करत होती. एकजण म्हणायचा, पाणी कमी पडलं. दुसरा म्हणायचा, जाळ जास्ती झाला. तिसरा गप बसून हाताला आलेला फोड बघायचा. बायका असत्या तर हसून हसून मेल्या असत्या, आणि मला वाटतं म्हणूनच ती माणसं इतकी मोकळी बोलत होती.

मास्तर म्हणजे आमच्या गावच्या शाळेचे मास्तर. त्यांची बायकोही गेली होती, पण तिचं पुस्तक मागं राहिलं होतं. कव्हर गेलेलं, पहिली पानं उंदरांनी खाल्लेली, त्यामुळं ते कुणी लिहिलं हे कळायला मार्ग नव्हता. मास्तर ते रोज सकाळी पारावर आणायचे आणि पोथी लावल्यासारखं वाचून दाखवायचे. "चक्का फडक्यातून गाळून घ्यावा. साखर घालून एकजीव करावा. केशर दुधात खलून..." सगळा पार तल्लीन. एखादा म्हातारा डोळे मिटून "वा!" म्हणायचा. मग श्रीखंड ऐकून झालं, की मंडळी उठायची आणि घरी जाऊन कच्ची भाकरी मिरचीच्या ठेच्याशी खायची.

मी मात्र ते पुस्तक घरी मागून आणलं. माझ्यावर जबाबदारी होती.

आयुष्यात पहिल्यांदाच एखादं पुस्तक मी इतक्या मन लावून वाचलं असेल. आणि कधी इतका फसलोही नसेन. त्यात भाकरी कुठंच नव्हती. पुऱ्या होत्या, घडीच्या पोळ्या होत्या, चाळीस तऱ्हेचे लाडू होते, भाकरी नाही. भाकरी काय कुणी शिकवावी लागते, असं लिहिणाऱ्या बाईंना वाटलं असणार. आमटीचं पान काढलं तर पहिलंच वाक्य, "नेहमीप्रमाणे फोडणी करून घ्यावी." अहो बाई, नेहमी कोण करत होतं? मी? पुढं, "अंदाजाने मीठ घालावे." अंदाज असता तर पुस्तक कशाला उघडलं असतं? आणि शेवटी कळस, "न जमल्यास घरातील जाणत्या बाईस विचारावे." जाणती बाई पैनगंगेपल्याड बसली होती. मी पुस्तक मिटलं आणि चुलीपुढं एकटाच मोठमोठ्यानं हसलो. बापूंनी दारातून डोकावून पाहिलं आणि परत गेले.

नातीला हे सांगायला हवं होतं. पुस्तक घेताना आधी बघ, की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढं कोण उभं आहे. ज्याला येतं त्याच्यासाठी लिहिलेलं पुस्तक ज्याला येत नाही त्याच्या काही कामाचं नसतं. "नेहमीप्रमाणे" हा शब्द पहिल्या चार पानांत दोनदा दिसला, की ठेव खाली आणि दुसरं उचल.

तरीही मी त्या पुस्तकावरून वरण केलं. त्यात चक्क माप दिलं होतं, म्हणून मला कोण आनंद झाला! "चहाचे दोन चमचे हळद." आता पंचाईत अशी, की आमच्या घरात चहाच अजून आलेला नव्हता, मग त्याचा चमचा कुठून येणार? घरात होती ती पळी. मी विचार केला, चमचा काय अन् पळी काय, दोन तर दोन. शिवाय हळद म्हणजे घरचीच, तिला काय तोटा? शहरातल्या वाण्याकडची जुनी हळद कुठं आणि आमच्या वावरातली कुठं. आमच्या घरात मायचा हात हळदीच्या डब्यात जायचा तो दोन बोटांची चिमूट घेऊन. हे मी सतरा वर्षं रोज बघितलं होतं, पण छापील अक्षरापुढं डोळ्यांनी बघितलेलं विसरलो.

ते वरण पिवळं नव्हतं, तांबूस होतं. कडूजहर. बापूंनी पहिला घास घेतला, थांबले, दुसरा घेतला, पाणी प्यायले आणि उठले.  पण त्यांच्या पांढऱ्या मिशीचं टोक पिवळं झालं ते आठ दिवस निघेना. दुसऱ्या दिवशी पारावर एकच गलका.

"बापू, हळद लागली म्हनायची!"

"मांडव कवा? नवरी कोनती पाहिली?"

"आवो, वैनी वऱ्हाडात गेल्या अन् तुमी इकडं बाशिंग बांधून राहिले व्हय?"

सगळा पार हसला. बापूही हसले, मिशीवरून हात फिरवत. पिढ्यान्‌पिढ्या हळद पिकवणाऱ्या घराला हळदीनंच चारीमुंड्या चीत केलं होतं. मीही हसलो, पण घरी येताना माझ्या लक्षात आलं, की बापूंचा सदरा खांद्यावरून उतरायला लागलाय.

भाकरी मला पुस्तकानं नाही, भिंतीनं शिकवली. आमच्या परसाची भिंत कमरेएवढी, आणि पलीकडं चाची राहायची. चाचीचा नवरा पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरायचा. घर मुसलमानाचं, त्यामुळं त्यांना कुठं जायचं कारण नव्हतं. त्या दिवसांत शेजारी शेजाऱ्याशी बोलताना आधी दहा वेळा विचार करायचा. चाचीनं विचार बिचार काही केला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझी भाकरी तिसऱ्यांदा काठवटीतच तुटली, आणि भिंतीवरून आवाज आला, "अरे बेटा, वो भाकरी है या जमीन फटी?"

त्यांच्या चुलीवरचं आमच्या घरात चालत नसे. तेव्हा तसंच होतं, आणि चाचीलाही ते ठाऊक होतं, म्हणून तिनं भाकरी करून देऊ का, असं कधी विचारलं नाही. पण बोलणं चालत होतं. ती भिंतीला रेलून उभी राहायची आणि मी काठवट परसात आणून तिच्यापुढं मांडायचो.

"पानी उबलने दे. हौ. अब आटे में डाल. हात जलता तो जलने दे, मरता नहीं तू."

"चाची, चिकटून राहिलंय."

"सूखा आटा ले. जोर से नक्को, बेटा, वो क्या दुश्मन है तेरी?"

सहाव्या दिवशी भाकरी फुगली. तव्यावरून काढून निखाऱ्यांच्या आरावर उभी केली आणि ती टम्म झाली. मी ती तशीच चिमट्यात धरून परसात धावलो. चाचीनं भिंतीपलीकडून टाळी वाजवली आणि आत ओरडून नवऱ्याला बोलावलं, "देखो, बच्चा पैदा हुआ!" त्यानंतर दोन दिवस मी गावात छाती काढून फिरत होतो. मॅट्रिक पास झालो तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नाही. छापील पुस्तक आणि चाची यांत फरक हाच, की मी चुकत असताना चाची बघत होती.

एवढं झालं, पण बापू काही जेवेनात.

भाकरी चांगली व्हायला लागली, वरणही बरं जमायला लागलं, तरी त्यांचं आपलं अर्धी भाकरी आणि पाणी. घास तोंडात घोळवत राहायचे. मी विचारलं, "कडू झालं का?" की म्हणायचे, "न्हाई, बराबर हाय." आणि उठायचे. बराबर होतं तर खात का नव्हते? इकडं हळद काढायचं काम सुरू झालं. कुदळीनं माती उकरायची, गड्डे झाडायचे, बोटं मोडून वेगळी करायची. पुरुषाचं अंग मोडणारं काम, आणि तेही अर्ध्या भाकरीवर. चाचीनं एकदा भिंतीवरून पाहिलं आणि म्हणाली, "बेटा, बापू सूखते चले." मायनं सांगितलेली एकच गोष्ट होती आणि तीच माझ्या हातून होत नव्हती.

मग हळद शिजवायचा दिवस आला. वावरातच भट्टी खणलेली, तिच्यावर कढई. आत हळद, वरून हळदीचाच पाला आणि गोणपाट घट्ट दाबलेलं, खाली कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ. दुपारी जाळ सारायला बापू वाकले ते उठताना डोळ्यांपुढं अंधारी येऊन मटकन खाली बसले. कढईपासून हातभर अंतरावर.  मी त्यांना ओढून बाभळीखाली नेलं, पाणी पाजलं, आणि मग मला रागच आला.

"काहून जेवत न्हाई तुमी? माय आल्यावर तिला काय सांगू मी?"

बापूंनी पाण्याचा लोटा खाली ठेवला. मग म्हणाले, "शेंगोळे करता येतील का रे तुला?"

एवढ्या दिवसांत त्यांनी काहीतरी मागितलं! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, आणि ते धुरामुळं आलं असं दाखवायला मी भट्टीजवळ जाऊन उभा राहिलो.

शेंगोळे म्हणजे आमच्याकडचा साधा गरिबाघरचा जिन्नस. ज्वारीचं पीठ, मूठभर बेसन, लसूण-जिरं-मिरचीचं वाटण घालून घट्ट मळायचं, बोटाएवढ्या वळ्या करून, टोकं जोडून त्यांची गोल कडी करायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. पुस्तकात अर्थातच नव्हतं. चाची म्हणाली, "वो मेरेकू नहीं आता, तेरी माँ का काम है." मग मी मायला निरोप धाडला. गावचा एक माणूस वऱ्हाडात जाऊन-येऊन असायचा, त्याच्या हाती.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. मायला लिहिता येत नव्हतं. मामाच्या शेजारी कुणी शिकलेला मुलगा होता, त्यानं लिहून दिलेलं. काय अक्षर, काय भाषा! अर्धं पत्र नमस्कार-आशीर्वादांत गेलेलं. मग पीठ किती, लसूण किती, ते बरोबर होतं. आणि शेवटी त्या विद्वानानं लिहिलं होतं, "तदनंतर शेंगोळे नेहमीप्रमाणे शिजवावेत." मी ते पत्र चुलीत घालणार होतो! माय त्याला सगळं सविस्तर सांगत बसली असणार आणि तो कंटाळला असणार. तिच्या हातचं जे होतं ते नेमकं त्यानं गाळलं होतं.

तरी मी केले. वळ्या झाल्या, पाण्यात सोडल्या. खाली लागू नयेत म्हणून पळीनं हलवत राहिलो, अगदी मनापासून. पाव तासानं पातेल्यात शेंगोळा एकही नव्हता. सगळ्याची घट्ट पेज झाली होती. बापूंनी ताटात बघितलं आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसले की काय, मला कळलं नाही. दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "लागतंय बरं." पण उठलेच.

दुसऱ्या दिवशी शेवटची कढई होती. आम्ही दोघं भट्टीपाशी बसलो होतो. मी विचारलं, "शिजली हे कसं कळतं तुमाला?"

"वास येतो. अन् आवाज बदलतो. आधी खदखद, मग गुरगुर. ऐक."

मी ऐकलं. खरंच बदलत होता. मला नवल वाटलं. एवढी मोठी कढई नुसत्या कानानं जोखणारा माणूस, त्याला मी आजवर काही विचारलंच नव्हतं. त्यांनी चुलीला कधी हात लावला नव्हता, पण तीस वर्षं ते रोज संध्याकाळी चुलीच्या दाराबाहेर ओसरीवर बसत आले होते. मी सहज विचारलं, "बापू, माय शेंगोळे करताना आवाज कसा येतो?"

त्यांनी भट्टीतला जाळ बाहेर ओढला. मग म्हणाले, "चल घरी. सांगतो."

दिवेलागणीला मी चुलीपुढं बसलो आणि बापू बाहेर, आपल्या नेहमीच्या जागी. आत ते आलेच नाहीत. म्हणाले, "इथूनच कळतं मला."

मी पाट्यावर लसूण-मिरची वाटायला घेतली. बाहेरून आवाज आला, "लई बारीक करून राहिला. ती चार घाव घालती अन् सोडून देती."

पीठ मळलं. "आजून मळ. मळताना तिच्या बांगड्या पार कोपराकडं जातात, मंग वाजत न्हाईत. घट्ट मळती ती."

वळ्या करायला लागलो. "आता वाजतात बांगड्या. बारीक, एकसारख्या." माझ्या हातात बांगड्या कुठल्या! पण मी तशाच बारीक, एकसारख्या वळ्या करत गेलो. फोडणी चर्र झाली, पाणी ओतलं, उकळी आली, कडी एकेक करून सोडली आणि पळी उचलली.

"ठेव ती."

"खाली लागंल."

"ठेव म्हनलं ना. कढईत हळद हलवतो का आपुन? झाकून गप बसतो. झाकण घाल, हात धू अन् बाहेर ये."

मी हात पुसत दारात आलो. बापूंनी उंबऱ्याकडं बोट केलं. "बस. ती तिथं बसती."

मी बसलो. आत शेंगोळे शिजत होते. 

"किती वेळ बसायचं?"

"बोलणं होईस्तोवर," बापू म्हणाले.

आणि मग माझे वडील बोलायला लागले. माय या घरात आली तेव्हा तेरा वर्षांची होती, त्यांनी सांगितलं. तिला सैपाक येत नव्हता. "काल तू केले ना, तसेच पहिले शेंगोळे तिनं केले. पेज. माझी माय तिला बोलली. पोरगी रडायला आली, तर म्या म्हनलं, मला आसंच आवडतं. अन् सगळं खाल्लं." पण झालं काय, की तिनं ते खरंच धरलं आणि वर्षभर दर आठ दिवसांनी पेज! "सांगावं तर खोटं बोललो हे निघतं. म्या बघितलं व्हतं, ती सारखी हलवती. मंग एक दिवस, शेंगोळे टाकल्याबराबर म्या हाक मारली. इकडं ये म्हनलं, एक गोष्ट सांगायची हाय."

"काय गोष्ट?"

"कुठली काय! गोष्ट न्हवतीच. सुचंल ते सांगत बसलो. बैलाचं, वावराचं, नरशीच्या जत्रेचं. ती इथं बसून ऐकत राहिली. उठली तर शेंगोळे बराबर शिजलेले." बापू मिशीवरून हात फिरवत हसले. "तवापासून ती बसती. रोज. भाजी असो, वरन असो, झाकण घातलं की येऊन बसती."

मी त्या घरात सतरा वर्षं जगलो होतो. त्या वेळेला आम्ही पोरं अंगणात खेळत असायचो. बापू कमी बोलतात, हे सगळं गाव म्हणायचं, मीही म्हणायचो. ते दिवसभराचं सगळं बोलणं त्या वेळेसाठी ठेवत होते, हे कुणाला माहीत होतं? आणि गेले दोन महिने त्यांच्याजवळ ते तसंच साठून राहिलं होतं. मी रोज त्यांच्यापुढं ताट ठेवत होतो आणि चुलीशी परत जात होतो.

आम्ही बोलत बसलो. मी मास्तरांच्या पोथीची नक्कल करून दाखवली. मॅट्रिक झाल्यावर पुढं शिकायचंय हेही बोलून टाकलं, एरवी ते तोंडातून निघायला वर्ष लागलं असतं. बापू म्हणाले, "शीक की. हळद चांगली हाय औंदा." मग ते थांबले, कान दिला आणि म्हणाले, "झाले. आता काढ."

अख्खे शेंगोळे. एकही मोडला नव्हता. बापूंनी ताट घेतलं, शेंगोळे कुस्करले, वरून करडईचं तेल घेतलं आणि खायला लागले. एकदा वाढलं. दोनदा वाढलं. तिसऱ्यांदा त्यांनी ताट स्वतः पुढं केलं. मी पातेलं पुसून वाढलं आणि माझ्यासाठी उरलं नाही, तर मला इतका आनंद झाला की मी रिकामं पातेलं घेऊन परसात गेलो आणि भिंतीवरून चाचीला दाखवलं. तिनं पातेल्यात बघितलं आणि माझ्या डोक्यावरून हात ओवाळून बोटं मोडली.

त्यानंतर आम्ही रोज झाकण घालून बसू लागलो. वरण असलं तर थोडं बोलायचो, तूर जुनी असली तर पुष्कळ. बापूंचा सदरा खांद्यावर परत बसला.

पावसाळा सरता सरता निजामाचं राज्य गेलं, आणि दसऱ्याआधी गाड्या परत यायला लागल्या. माय अंगणात उतरली ती आधी बापूंकडं बघत. वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आवो, तुमी तर वाळले न्हाईत!" तिला बरं वाटलं होतं आणि थोडं वाईटही वाटलं होतं, दोन्ही तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. बापू म्हणाले, "पोरानं घातलं." तिनं मला जवळ ओढलं. माझे भाजलेले, पोळलेले हात उलटेसुलटे करून बघितले आणि पदर डोळ्यांना लावून हसत सुटली.

संध्याकाळी तिनं आतून विचारलं, "काय करू आज?"

बापू म्हणाले, "शेंगोळे."

मी ओसरीच्या दुसऱ्या कोपऱ्यात दोर वळत बसलो होतो. पाट्यावर चार घाव पडले. बारीक, एकसारख्या बांगड्या वाजल्या. फोडणी चर्र झाली, झाकण बसल्याचा आवाज आला, आणि माय ओले हात पुसत येऊन उंबऱ्यात टेकली. बापू थोडे पुढं सरकले.

"तर," ते म्हणाले.

मी दोर खाली ठेवला आणि बैलांना पाणी दाखवायला निघालो. बैलांनी नुकतंच पाणी प्यायलं होतं.